शिसपेन्सिल

सान्ता रुफिनात भांडं घेणारा
आधी टिचकी मारतो,
मग उन्हात धरतो.
चकाकलं तरच पैसे काढतो.

चकाकी येते नारिंगी पुडीतून, आणि पूड म्हणजे शिसं.
एकवीस वर्षं मी हे जाणते, नर्स म्हणून,
आणि त्याच भांड्यातला घेवडा खाते, शेजारीण म्हणून.

फेब्रुवारीत शहरातून यंत्र आलं, विटेएवढं.
बोटाचा थेंब, तीन मिनिटं, आकडा.
शाळेतली अडतीस मुलं रांगेत.
पाचाच्या वर गेलं की काळजी करा, असं कागद म्हणतो.
पहिली चौदा. दुसरा एकोणीस.
अकराव्या मुलानंतर मी यंत्राला दोष दिला,
बॅटरी बदलली.
लिबोरिओ सव्वीस.
लिबोरिओ, जो सातापर्यंत येऊन थांबतो
आणि पुन्हा एकापासून सुरू करतो.
बाई म्हणतात, ढ आहे.

डॉक्टर बारागान फोनवर म्हणाले,
"शुक्रवारपर्यंत यादी पाठव. सोमवारी भट्ट्यांना सील."
त्यांचं चुकत नव्हतं.
सत्तर घरांत बासष्ट भट्ट्या, एवढंच त्यांना दिसत नव्हतं,
आणि ज्याच्या पोटावर पाय पडतो
तो पुन्हा बोट पुढे करत नाही,
ना शिशासाठी, ना गोवराच्या लशीसाठी,
बाळंतीण अडली तरी दार उघडत नाही.

पण बाजारातून भांडं नेणारी बाई
माझ्या यादीत नव्हती.
तिच्या मुलाला नाव नाही, आकडा नाही,
तो रडला तर मला ऐकू येणार नाही.
एका पारड्यात लिबोरिओ,
दुसऱ्यात कोणीच नाही,
म्हणजे कितीही.

शुक्रवारी मी म्हणाले, यंत्र बिघडलंय.
तीन सेकंद लागले.

एउलालिया पूड कालवत होती, उघड्या हातांनी,
त्याच ओट्यावर तोर्तियाचं पीठ झाकलेलं.
मी तिच्या मुलाचा आकडा सांगितला.
कानात कोणी काही ओतावं तशी ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, "माझी आई यातच जेवली, ब्याऐंशी जगली."
मग म्हणाली, "बिनशिशाची पूड तिप्पट भाव,
आणि माझी भट्टी तेवढी तापत नाही."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, पुडीकडे बघत,
"सातानंतर आठ. रोज रात्री घोकून घेते.
मी मारलंय त्याला.
आठासाठी."

दुसऱ्या दिवशी तिनेच पाच जणींना बोलावलं.
दहाव्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगितलं.
ते ओरडले, फोन आपटला,
आठवड्याने भट्टीसाठी दोन पंखे पाठवले,
सोबत चिठ्ठी नव्हती.

पहिली खेप मंद निघाली.
"रुसलीत," एउलालिया म्हणाली.
गिऱ्हाइकाने टिचकी मारली, उन्हात धरलं,
खाली ठेवून दिलं.
बासष्टांपैकी नऊ भट्ट्या बदलल्या आहेत आजवर.
उरलेल्यांची दारं मी ठोठावते,
काही उघडतात, काहींत फक्त कुत्रं भुंकतं.

त्या दहा दिवसांत दोन ट्रक गेले होते.
तीनशे चाळीस भांडी. कुंपणाआडून मोजली.
वहीत त्यांच्यासाठी रकाना आखलाय,
वर काय लिहायचं ते सुचत नाही.

सप्टेंबरात लिबोरिओ एकोणीस.
कमी. चांगलं नव्हे.
गेलेलं परत येतं का, यावर कागद गप्प आहे.

परवा तो दवाखान्यात माझ्या टेबलाशी आला,
पेन्सिल मागितली, एक काढला, दोन काढला,
आणि तीनावर अडून ती दातांखाली धरली.
मी झडप घालून हिसकावली.
तो दचकला.
मग आठवलं,
शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
नुसतं नावात असतं.

पुसून परत दिली.
त्याने पुन्हा एकापासून सुरू केलं.